चौथी सीट

लोकलमधलं बाक तिघींसाठी बनवलेलं असतं आणि त्यावर चौघी बसतात. रेल्वेच्या कुठल्याही नियमात हे नाही, तरी इथे वाढलेल्या प्रत्येकीला ते पाठ असतं. चौथी येते. तोंडाने काही बोलत नाही. पंजा उभा धरून दोनदा हलवते, पोळपाटावरचं पीठ कडेला सारावं तसा. खिडकीतली आणखी खिडकीत शिरते, मधली तिला खेटते, कडेची मधलीला, आणि बाकाच्या टोकाला चार बोटं जागा निघते. त्या चार बोटांवर टेकायचं. एक मांडी बाकावर, दुसरी हवेत. एक पाय वाटेत रोवलेला, कारण शरीराचा निम्मा भार त्या पायावरच असतो. ब्रेक लागला की पहिली घसरते ती हीच. तरी घरून फोन आला की सांगते, "हो, बसायला मिळालं."

बायकांच्या डब्यातला दुसरा नियम प्रश्नाच्या रूपात आहे : "कुठे उतरणार?" हा प्रश्न चौकशीचा नसतो, तो करार असतो. "घाटकोपर" असं उत्तर तोंडातून गेलं की त्या क्षणी जागा विचारणारीची झाली. आपण घाटकोपरपर्यंतच्या भाडेकरू.

मी मुलुंडला राहते. सकाळी ठाण्याहून सुटलेली धीमी गाडी पकडायची, घाटकोपरला उतरायचं, तिथून अंधेरी गाठायची. पूर्वी ३४० नंबरची बस आणि साकीनाक्याची कोंडी, आता मेट्रो. अंधेरीच्या पश्चिमेला एका विद्यापीठाचं समावेशक शिक्षण केंद्र आहे. त्याची प्रमुख म्हणून गेली चौदा वर्षं मी काम करते आहे, आणि येत्या मे महिन्याच्या शेवटी निवृत्त होते आहे. एवढ्या वर्षांत समावेशाच्या व्याख्या मी किती वर्गांना सांगितल्या याची मोजदाद नाही. पण हल्ली वाटतं, हा सगळा विषय मी रोज सकाळी मुलुंड आणि घाटकोपरच्या मधे, अर्ध्या मांडीवर बसून शिकत होते.

केंद्र सुरू झालं तेव्हा आदेशात 'केंद्र' असा भारदस्त शब्द होता. प्रत्यक्षात ती जिन्याखालची खोली होती. त्याआधी तिथे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवत. पाऊस सुरू झाला की भिंतीतून अजूनही त्या कागदांचा वास येतो. दारावर पाटी लागली आणि मग माझ्या लक्षात आलं, पाटीखालीच दोन पायऱ्या आहेत. ज्यांच्यासाठी केंद्र, त्यांनीच बाहेर थांबायचं.

मी रॅम्प मागितला. हिशेब साधा आहे. पायरी सहा इंचांची, दोन मिळून एक फूट. चाकाची खुर्ची कुणी स्वतःच्या हातांनी चढवायची तर उतार एकास बारा हवा. एका फुटाच्या चढाला बारा फूट लांबी. दारापुढे मोकळे होते पाच फूट. कंत्राटदाराने त्या पाचात एक फूट बसवला, वर गुळगुळीत कोबा ओतला आणि कडेला पिवळा पट्टा मारला. उद्घाटनाला ठेवलेला नारळ त्यावरून गडगडत थेट पाहुण्यांच्या पायाशी गेला. सगळे हसले, मीही हसले. पुढे तीन वर्षं त्या घसरगुंडीवरून फक्त झेरॉक्सच्या कागदांची ढकलगाडी चढली. खुर्चीतला विद्यार्थी आला की दोन शिपाईमामा लागत, एक पुढून, एक मागून. वळणाचा नीट रॅम्प झाला तो चौथ्या वर्षी. मधली तीन वर्षं आमच्या अहवालात 'रॅम्प : आहे' असंच छापून येत होतं, आणि खाली सही माझी होती.

बाकी कायदा आमच्या बाजूने आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत ३ टक्क्यांच्या जागा ५ टक्के झाल्या, प्रवेशाच्या वयात पाच वर्षांची सूट आली. समावेशक शिक्षण म्हणजे काय हेही त्याच कायद्यात सांगितलंय. व्याख्येचे दोन भाग आहेत. अपंगत्व असलेली आणि नसलेली मुलं एकत्र शिकतील, हा पहिला. शिकवण्याची रीत त्या मुलांच्या गरजेप्रमाणे बदललेली असेल, हा दुसरा. पहिला भाग मोजता येतो : किती प्रवेश, किती प्रमाणपत्रं, किती टक्के. तो अहवालात जातो. दुसऱ्याला रकाना नाही. आणि दुसरा झाला नाही तर पहिल्याची निव्वळ चौथी सीट होते. मूल बाकावर असतं, यादीत असतं, फोटोत तर असतंच. आणि निम्मा भार स्वतःच्या पायावर तोलत तीन वर्षं काढतं.

हे मला पहिल्यांदा ऐकू आलं ते अक्षरशः ऐकू आलं.

आमच्याकडे एम.ए.ला एक मुलगी होती, जन्मापासून दृष्टी नसलेली, डोंबिवलीहून येणारी. संगणकावर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी ते २००६ च्या सुमारास करायला घेतलं आणि जगाला फुकट दिलं. ही मुलगी ते इतक्या वेगाने ऐकायची की आपल्याला नुसती भुणभुण ऐकू यावी. सराव परीक्षेच्या दिवशी मी तिला मराठीतली प्रश्नपत्रिका पेन ड्राइव्हवर दिली. तिने ती उघडली, कान टवकारले, मग इअरफोन काढून आवाज बाहेर सोडला. यंत्र शुद्ध इंग्रजी उच्चारात काहीतरी बरळत होतं. सुटी इंग्रजी अक्षरं, मधेच डॉलर, मधेच कंस, टक्क्याची खूण. पडद्यावर मला तर स्वच्छ मराठी दिसत होतं : 'खालीलपैकी कोणत्याही चार प्रश्नांची उत्तरे लिहा.'

ती हसून म्हणाली, "मॅडम, हे मराठी कुठल्या जिल्ह्यातलं?"

कारण साधं होतं. प्रश्नपत्रिका श्रीलिपीत टाइप केलेली होती. युनिकोडच्या आधीच्या या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. डोळ्याला 'क' दिसतो, पण संगणकाच्या पोटात तिथे इंग्रजी अक्षर किंवा एखादी खूण असते. डोळस माणूस आकार वाचतो, यंत्र पोटातलं वाचतं. म्हणजे इतकी वर्षं आमच्या विद्यापीठाचं संगणकावरचं मराठी हे फक्त मराठीचं चित्र होतं. ते पहिल्यांदा कळलं तेही दिसत नसलेल्या मुलीमुळे.

टायपिंगचे काका तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. "मॅडम, बोटांना वळण पडलंय, आता या वयात?" म्हणाले. पण आले. जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून तीन आठवडे युनिकोडचा कळफलक शिकले. पहिली प्रश्नपत्रिका करून स्वतःच घेऊन आले आणि त्या मुलीच्या शेजारी उभे राहिले. यंत्राने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच प्रश्नाला काकांनी हात वर केला : "थांब, थांब, 'सामाजिक' मधलं 'मा' राहिलंय." डोळ्यांनी दोनदा तपासून सुटलेली चूक त्यांच्या कानाने धरली होती. त्या दिवसापासून काका प्रत्येक प्रश्नपत्रिका छापण्याआधी ऐकायला लागले, सगळ्या विभागांच्या, सगळ्या मुलांच्या. एका मुलीसाठी बाकावर सरकून घेतलं आणि बाकीच्या दोघी-तिघींनाही जरा ऐसपैस झालं. सरकण्यात असं काही होतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुस्तकांची वाट आणखी लांबची. स्कॅन करायचं, यंत्राकडून अक्षरं ओळखून घ्यायची, मग माणसाने बसून दुरुस्त करायचं. जुन्या छपाईतला रफार यंत्राला धूळ वाटते, 'र्म' चा नुसता 'म' उरतो आणि धर्म, कर्म, वर्म सगळ्यांचं भलतंच होतं. हे काम उघडपणे करायची कायदेशीर मोकळीक आपल्याकडे आली २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने. पुढल्या वर्षी माराकेशला याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. या सगळ्यामागच्या धडपडीत मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजातलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र होतं. समाजशास्त्राचे प्राध्यापक सॅम तारापोरवाला यांनी ते २००३ मध्ये उभं केलं. ते स्वतः दृष्टिहीन. मी नवखी असताना त्या केंद्राकडे पाहून मनात एक नोंद केली होती : इथे मदत करणारे आणि मदत घेणारे असे दोन काउंटर नाहीत.

आता वेगळं की एकत्र? हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो आणि दर वर्षी माझं उत्तर थोडं बदलतं. दादरची अंध मुलींची शाळा १९०० सालची, दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांसाठी ॲना मिलार्ड या मिशनरी बाईंनी काढलेली. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये बायकांचं वेगळं विद्यापीठ काढलं, कारण होत्या त्या विद्यापीठांच्या बाकावर बायकांना सरकून जागा देणारं फारसं कुणी नव्हतं. मग त्यांनी बाकच दुसरं आणलं. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली ती सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या वेगळ्या शाळेने, आपली मुलगी मालिनी हिला शाळा मिळेना म्हणून. पण समावेशक शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्यानंतर जगभर सर्वसामान्य शाळेचा आग्रह वाढला आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याच अलूरबाई मुलांना नेहमीच्या शाळांत धाडायच्या कामाला लागल्या. आपण बांधलेल्या घराला आपणच मोठं दार पाडायचं, याला धैर्य लागतं. मालिनी चिब झेविअर्समध्ये शिकल्या, लंडनला जाऊन शिकल्या, आणि एका बोटाने टाइप करत 'वन लिटल फिंगर' हे आत्मचरित्र त्यांनी लिहिलं.

तरी माझं उत्तर पक्कं होत नाही, ते एका मुलीमुळे. कर्णबधिरांच्या शाळेतून ती आमच्याकडे बी.ए.ला आली. आमचे एक सर शिकवायचे उत्तम, पण फळ्याशी बोलायचे. लिहिता लिहिता पाठमोरे. ओठ वाचणाऱ्या मुलीला पाठीवरून काय कळणार? खुणांची भाषा जाणणारा दुभाषी मिळायचा आठवड्यातून दोन दिवस, तोही इतर चार कॉलेजांत धावणारा. दुसऱ्या सत्रात मी तिला विचारलं, कसं चाललंय. तिने मोबाइलवर टाइप करून पडदा माझ्यासमोर धरला : "शाळेत मी बडबडी होते. इथे सगळे मला शांत मुलगी म्हणतात."

त्या दोन वाक्यांपुढे माझे सगळे परिसंवाद फिके पडले. वेगळ्या शाळेने तिला भाषा दिली होती. आम्ही तिला सगळ्यांत आणून बसवलं आणि तिची बडबड काढून घेतली. त्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. दुसऱ्या दिवसापासून लिहून झाल्यावर खडू खाली ठेवून वळायचे आणि मग बोलायचे. सवयीने चुकले की पहिल्या बाकावरची मुलं डस्टर वाजवायची. पुढे वर्गातल्या सहा-सात जणी तिच्याकडून खुणा शिकल्या, अर्थात आधी शिव्याच. वर्गाचा गोंगाट वाढल्याची तक्रार माझ्याकडे आली, त्यात तिचंही नाव होतं. तेवढी एक तक्रार मी फाईलमध्ये जपून ठेवली आहे.

आणि माझी स्वतःची चूक. ती कुठल्याच अहवालात नाही, म्हणून इथे लिहिते. दर वर्षी ३ डिसेंबरला, जागतिक अपंगत्व दिनी, आम्ही कार्यक्रम करायचो. शाल, श्रीफळ, 'प्रेरणादायी' हा शब्द दर दोन मिनिटांनी. एका वर्षी मी कुबड्या घेऊन चालणाऱ्या, अभ्यासात हुशार अशा एका मुलाला बोलावून सांगितलं, यंदा तुझा सत्कार. तो जिना चढून आला होता, कपाळावर घाम होता. लिफ्ट दिवाळीपासून बंद होती. म्हणाला, "मॅडम, सत्कार नको. आमचा वर्ग तळमजल्यावर घ्या ना."

मी वेळापत्रक काढून पाहिलं. तळमजल्यावरची दहा नंबरची खोली सकाळी रिकामीच असायची. वर्ग खाली आणायला एक रुपया लागला नाही, सभा लागली नाही, ठराव लागला नाही. शिपाईमामांनी वीस मिनिटांत पाटी बदलली. लिफ्टसाठी मी पाच पत्रं लिहिली होती, पत्रांच्या प्रती पुराव्यासाठी जपल्या होत्या. पण त्याला मात्र एकदाही विचारलं नव्हतं की, तुला काय केलं म्हणजे बरं पडेल? वरच्यांनी 'एकासाठी एवढं?' म्हटलं की मी चिडायचे. त्या एकाला मीही गृहीतच धरला होता.

परीक्षेचे दिवस म्हणजे आमची लगीनघाई. लेखनिक शोधायचे, तासाला वीस मिनिटं वाढीव वेळ मिळतोय ना ते पाहायचं, डिस्लेक्सियाच्या मुलांची सरकारी रुग्णालयातली प्रमाणपत्रं वेळेत येतात का यासाठी देव पाण्यात ठेवायचे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या खटल्यात सांगितलं, की अपंगत्व ४० टक्के भरत नाही एवढ्यावरून लेखनिक नाकारता येणार नाही. त्या यूपीएससीच्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. निकाल वाचून मला काही वर्षांमागे परत पाठवलेला एक मुलगा आठवला. त्याच्याकडे ४० टक्क्यांचा कागद नव्हता, आणि माझ्याकडे नियम होता.

घाटकोपरला गाडी बदलताना मी आजही फलाटाच्या कडेला बघते. २०१४ च्या जानेवारीत याच स्थानकात गाडी आणि फलाट यांच्यामधल्या फटीत पडून सोळा वर्षांच्या एका मुलीने दोन्ही हात गमावले. फलाटांच्या उंचीचा प्रश्न त्यानंतर न्यायालयात गाजला आणि ते उंच करायला वेग आला. त्याच वर्षी जूनमध्ये, त्याच घाटकोपरला, वर्सोव्याची मेट्रो सुरू झाली. तिथे फलाट आणि डबा एका पातळीत आहेत, लिफ्ट आहे, पायांना कळणाऱ्या पिवळ्या फरशा आहेत. चाकाची खुर्ची कुणाला हाक न मारता आत जाते. गाडीत चढताना काही जणांना धोका असतो तो त्यांच्या शरीरामुळे, असं वर्षानुवर्षं आपण समजत आलो. दोन जिन्यांच्या अंतरावर एक फलाट सांगत होता की चूक मोजमापाची होती.

परवा संध्याकाळी परतताना घाटकोपरला मला माझी ती डोंबिवलीची मुलगी भेटली. आता मुलगी कसली, पीएच.डी. होत आली, आमच्याच केंद्रात साहाय्यक आहे, आणि माझ्या जागेसाठी पुढच्या महिन्यात निघणाऱ्या जाहिरातीला अर्ज करणार आहे. फलाटावर दिव्यांगांच्या डब्यापाशी वाजणारा बीप ऐकून ती नेहमी तिकडे जाते. त्या दिवशी माझ्याबरोबर बायकांच्या डब्यात शिरली. गर्दीने आम्हाला आत लोटलं. विक्रोळीला मला कडेची जागा मिळाली. पांढरी काठी दिसताच बाकावर लगबग उडाली. तिघी आवळून बसल्या, टोकाला चार बोटं जागा झाली, आणि कुणीतरी तिचा दंड धरून म्हणालं, "ये ग बाळा, टेक इथे."

तिने दंड हळूच सोडवून घेतला. "नको ताई, थँक यू. मी उभी राहीन." मग काठी मिटून बॅगेत ठेवली, वरची कडी पकडली आणि माझ्या आवाजाच्या दिशेने जरा वाकली.

"मॅडम, तुम्ही कुठे उतरणार?"

कुठे उतरणार हे तिला चांगलं माहीत होतं. पण विचारल्याशिवाय जागा आपली होत नाही, हेही तिला माहीत होतं.

"मुलुंड," मी म्हटलं.

"मग ही माझी," ती म्हणाली, डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मागून कुणीतरी विचारायच्या बेतात होती ती गप्प झाली. नाहूर गेलं तशी मी उठले. ती बसली. नीट, पाठ टेकून, दोन्ही मांड्या बाकावर. आणि तिच्यापुढे उभ्या असलेल्या बाईने लगेच तिला विचारलं, "कुठे उतरणार?"